टर्बो, तेल आणि भावाची अमानत



या सदरात आपण नेहमी घरातल्या गोष्टी बोलतो. मुलांचा अभ्यास, लग्नातला खर्च, आजारी माणसाची सेवा. या महिन्यात मात्र घराच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या गाडीबद्दल लिहितो आहे. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत असे चित्र असते की भाऊ किंवा मुलगा आखातात आहे, त्याच्या कमाईतून घेतलेली गाडी गावात उभी आहे आणि ती चालवणारा तिसराच कोणीतरी आहे. माझ्या घरी तो तिसरा मीच. आणि त्या गाडीचा टर्बो माझ्याच हातून गेला. ही चूक लपवण्यापेक्षा लिहिलेली बरी, कारण ती टाळता येण्यासारखी होती.

माझा धाकटा भाऊ कतारला आहे. २०१८ मध्ये सुट्टीवर आला तेव्हा त्याने डिझेल पिकअप घेतली. परत आल्यावर रोह्यात मालवाहतुकीचा छोटा धंदा सुरू करायचा त्याचा विचार आहे. जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, "भाई, उभी ठेवू नकोस. उभ्या गाडीला गंज लागतो. शाळेला जायला वापर." मी वापरली. वरशाहून धाटावच्या पुढे माझी शाळा, एका बाजूने दहा किलोमीटरसुद्धा नाही. सकाळी घाईघाईने चावी फिरवायची, रेस द्यायची आणि निघायचे. शाळेच्या फाटकाशी पोहोचलो की लगेच चावी काढायची, कारण प्रार्थनेची घंटा झालेली असायची. संध्याकाळी तसेच परत. मला वाटायचे, इतक्या कमी वापराने गाडीला काय होणार आहे?

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यानंतरची गोष्ट. पेणला बहिणीकडे गेलो होतो. परतताना तिने दिलेले एक जुने लाकडी कपाट मागे हौद्यात आणि पुढे माझ्या शेजारी बेगम व अम्मी. वडखळ, नागोठणे करत आलो आणि हायवे सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलो. भिसे खिंडीच्या चढावर गाडीने दम सोडला. पाय पूर्ण दाबला तरी वेग वाढेना. बोनेटखालून शिट्टीसारखा, मग सायरनसारखा आवाज येऊ लागला. आरशात पाहिले तर मागे निळसर पांढऱ्या धुराचा लोट. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न देऊन हाताने थांबण्याची खूण करत होता. गाडी कडेला घेतली आणि बंद केली. अंधार पडत होता. अम्मींनी पदर सावरला आणि विचारले, "आग तर नाही ना लागली?" मी नाही म्हणालो, पण मला स्वतःलाच खात्री नव्हती.

मगरिब आम्ही त्या खिंडीतच रस्त्याच्या कडेला पढली. नंतर ओळखीच्या एका मिनीडोअरवाल्याने घरच्यांना वरशाला सोडले आणि गाडी दुसऱ्या दिवशी दोरीने ओढत गॅरेजला नेली.

उस्तादांचे तीन प्रश्न

गॅरेजमधल्या उस्तादांनी बोनेट उघडण्याआधी मला तीन प्रश्न विचारले. तेल कधी बदलले? रोज किती चालते? पोहोचल्यावर गाडी कशी बंद करता?

तिन्हींची उत्तरे देताना मला वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलासारखे वाटले. तेल बदलून दोन वर्षांहून जास्त झाली होती. माझा हिशोब असा की दहा हजार किलोमीटर झाल्यावर बदलायचे, आणि अजून सहा हजारच झाले होते. गाडीसोबत आलेले पुस्तक त्यांनी कप्प्यातून काढून माझ्यासमोर धरले. त्यात किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले होते आणि खाली स्पष्ट लिहिले होते की दोन्हींपैकी जे आधी येईल ते. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की प्रश्न पूर्ण वाचा. स्वतः मात्र अर्धेच वाक्य वाचले होते.

मग त्यांनी एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारी जाड रबरी नळी काढली. आतून ती तेलाने ओली होती. टर्बोच्या तोंडात दिसणारे छोटे पाते बोटाने हलवून दाखवले. ते जागच्या जागी डुगडुगत होते आणि त्याची टोके आतल्या भिंतीला घासून झिजली होती. "शाफ्टला प्ले आलाय, सर. बेअरिंग खाल्लंय." टर्बोला तेल आणणारी बारीक नळी काढली तर आत काळा, कडक थर. तव्यावर तेल जळून बसते ना, अगदी तसा.

टर्बो म्हणजे काय

'टर्बो' हा मूळ लॅटिन शब्द, त्याचा अर्थ भोवरा किंवा वावटळ. नाव अगदी बरोबर आहे. डिझेल जळण्यासाठी हवा लागते. जितकी जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबता येईल तितके जास्त डिझेल नीट जळते आणि तितकी जास्त ताकद मिळते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर पूर्वी नुसताच वाया जायचा. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ मध्ये याच धुराच्या जोरावर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके. एक चाक धुराच्या वाटेत, दुसरे ताज्या हवेच्या वाटेत. धूर पहिले चाक फिरवतो, त्यामुळे दुसरे फिरते आणि हवा दाबून इंजिनात ढकलते. वाया जाणाऱ्या गोष्टीतून काम करून घेणारी ही युक्ती, म्हणून लहान इंजिनही मोठा भार ओढते.

पण हा भोवरा किती जोरात फिरतो? आपल्या घरातला छताचा पंखा मिनिटाला सुमारे तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो. पिकअपचा टर्बो जोरात असतो तेव्हा मिनिटाला एक लाखाहून जास्त. त्याच्या एका बाजूचा धूर चढावर सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. आणि हा दांडा ज्यावर फिरतो तो आधार म्हणजे तेलाचा थर, केसाहूनही पातळ. तेल दाबाने येत राहते, दांड्याला तरंगत ठेवते, उष्णताही वाहून नेते. तो थर क्षणभर तुटला किंवा त्यात काजळी आणि कचरा आला तर धातूला धातू घासतो. म्हणूनच उस्ताद म्हणाले, "सर, टर्बो आपणहून क्वचितच मरतो. त्याला कोणीतरी मारतं. बहुतेक वेळा तेलच मारतं."

माझ्या चुका, एकेक करून

पहिली चूक सकाळची. रात्रभर उभ्या गाडीचे तेल खाली उतरलेले असते. चावी फिरवल्यावर ते टर्बोपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. मी चावी फिरवताच रेस द्यायचो. म्हणजे तेल पोहोचण्याआधीच भोवरा फिरवायचो. अर्धा ते एक मिनिट गाडीला तिच्या संथ गतीवर राहू द्यायचे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवायचे, एवढेच पुरे होते. तेवढ्या वेळात सफरची दुआ पढून होते.

दुसरी चूक पोहोचल्यावरची. जोरात आलेल्या गाडीचा टर्बो तापलेला असतो. चावी काढताच तेलाचा पंप थांबतो, पण आतली उष्णता कुठे जाणार? बेअरिंगमध्ये उरलेले तेल तिथेच भाजते आणि त्याचा कोळसा होतो. रोज थोडा थोडा साचून तो तेलाची वाट अरुंद करतो. साध्या रस्त्याने आलो असू तर अर्धा ते एक मिनिट, आणि घाट चढून किंवा भार घेऊन आलो असू तर दोन-तीन मिनिटे गाडी संथ चालू ठेवून मग बंद करावी. शेवटचा अर्धा-एक किलोमीटर सावकाश आणले तर बरेचसे काम वाटेतच होते. मात्र दहा-दहा मिनिटे गाडी उभ्यानेच चालू ठेवण्यात फायदा नाही. डिझेल जळते आणि काजळीही साचते.

तिसरी चूक कमी अंतराची, आणि हीच मला सर्वांत जास्त आश्चर्याची वाटली. आपल्याला वाटते कमी चालणारी गाडी चांगली राहते. सात-आठ किलोमीटरमध्ये पाण्याचा काटा वर येतो, पण तेल त्याहून उशिरा तापते. ते पुरते तापलेच नाही तर त्यात मिसळलेली पाण्याची वाफ आणि न जळलेले डिझेल उडून जात नाही. तेल पातळ होते, घाण होते. आमच्या रायगडात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, चार महिने हवेत ओलच ओल. अशा ठिकाणी रोज थोडे थोडे चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर न पाहता वर्षाला बदलायलाच हवे. रोज अगदीच कमी चालत असेल तर त्याहूनही लवकर.

चौथी चूक धुळीची. मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड सगळे याच पट्ट्यात. त्या कामाची धूळ इथल्या माणसांनी छातीत घेतली तशी गाड्यांनीही घेतली. माझा एअर फिल्टर काळा-तांबडा पडून गच्च झाला होता. फिल्टर कोंडला की टर्बोला हवा ओढताना जोर लागतो आणि त्या ओढीने बेअरिंगमधले तेल सीलच्या पलीकडे खेचले जाते. पंपावर हवेच्या जोरदार झोताने फिल्टर झाडणे ही आपली आवडती काटकसर. पण त्या झोताने कागद फाटला तर बारीक कण थेट एक लाख फेऱ्यांच्या पात्यावर आदळतात. झाडायचाच तर हलक्या हवेने, आतून बाहेर. आणि वेळ झाली की सरळ नवा.

पाचवी चूक न ऐकण्याची. खिंडीतल्या त्या संध्याकाळच्या आधी जवळजवळ दोन महिने गाडी मला सांगत होती. हलकी शिट्टी येत होती. डिपस्टिकवर तेल कमी होत होते आणि जमिनीवर मात्र डाग नव्हता. मग तेल जात कुठे होते? धुरातून. बेगम दोनदा म्हणाली होती की सकाळी गाडी सुरू झाली की अंगणात जळक्या तेलाचा वास येतो. मी म्हणालो, डिझेल गाडी आहे, वास येणारच.

गाडी काय सांगते, ते कसे ओळखावे

वाचकांना उपयोगी पडावे म्हणून उस्तादांकडून समजून घेतलेल्या खुणा इथे देतो.

निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. फिल्टर कोंडला असेल किंवा टर्बोपासून इंजिनकडे जाणारी नळी फाटली असेल. सुस्कारा टाकल्यासारखा 'फुस्स' आवाज आणि चढावर ताकद कमी, असे असेल तर आधी नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प पाहा. शंभर-दोनशे रुपयांच्या क्लॅम्पसाठी टर्बो बदलू नका. पण फाटलेली नळी तशीच ठेवून महिनोन्महिने चालवूही नका, कारण बाहेर जाणारी हवा भरून काढण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त फिरतो. सायरनसारखा चढता आवाज किंवा धातू घासल्याचा आवाज आला तर गाडी तिथेच थांबवा. घरापर्यंत जाऊ, मग बघू, असे करू नका. तुटलेला तुकडा इंजिनात गेला तर टर्बोचे बिल इंजिनचे बिल होते.

तेलाची पातळी आठवड्यातून एकदा पाहा. गाडी सपाट जागी, बंद करून काही मिनिटांनी. दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. जास्त भरणेही वाईट, कारण टर्बोतून तेल खाली उतरायला जागा राहत नाही. तसेच इंजिनच्या वाफेची नळी, जिला ब्रीदर म्हणतात, ती तुंबली तर तेल परत उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडते. अशा वेळी टर्बो चांगला असूनही दोष त्याच्यावर येतो.

एक धोका मात्र प्रत्येक डिझेलवाल्याच्या घरात माहीत असायला हवा. टर्बोतून खूप तेल इंजिनात जाऊ लागले तर इंजिन तेच तेल इंधन म्हणून जाळू लागते. मग चावी काढली तरी ते बंद होत नाही, उलट वेग वाढतच जातो. आवाज भयंकर असतो आणि माणूस घाबरतो. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, हँडब्रेक ओढून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा म्हणजे इंजिन कोंडून बंद पडते. बाकीच्यांना आधी खाली उतरवून दूर न्यायचे, गाडीच्या समोर कोणी उभे राहायचे नाही आणि हवेच्या तोंडावर हात तर अजिबात ठेवायचा नाही. खिंडीत माझी गाडी चावीने बंद झाली, अल्लाहचा फजल. झाली नसती तर मला त्या दिवशी यातले काहीच माहीत नव्हते आणि शेजारी अम्मी होत्या.

पावसाळ्याचेही एक सांगतो. कुंडलिका पात्राबाहेर येते तेव्हा आपल्याकडे साचलेल्या पाण्यातून गाडी घालण्याची मोठी हौस असते. हवेच्या नळीतून पाणी आत गेले तर टर्बोच काय, इंजिनचे रॉडही वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नका, ओढूनच न्या.

ज्यांच्याकडे १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्यांपैकी बहुतेकांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. साचलेली काजळी जाळून टाकायला त्याला सलग, बऱ्या वेगाचा प्रवास लागतो. रोज पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती जळत नाही, दिवा लागतो आणि कोंडलेल्या धुराचा ताण टर्बोवर येतो. दिवा लागला तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी सलग चालवा. तेलही त्या फिल्टरला चालणारे, कमी राखेचेच घाला. स्वस्तात फिल्टर काढून देणारे भेटतील. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जातो.

बिल कोणाचे?

टर्बोचा नवा गाभा, तेल, फिल्टर, नळ्या आणि मजुरी मिळून बिल २७ हजारांवर गेले. वेळेवर तेल आणि फिल्टर बदलले असते तर याचा सहावा हिस्साही लागला नसता. पैशांपेक्षा मोठा प्रश्न मात्र दुसराच होता. गाडी माझी नव्हती. भावाला काय सांगायचे?

मनात आलेला पहिला विचार कबूल करतो. तो इथे नाही, त्याला काय कळणार? गाडी जुनी झाली, टर्बो गेला, असे सांगितले तर तो मानेलही. दोन रात्री हा विचार डोक्यात होता. तिसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना सगळे सांगितले.

ते म्हणाले, "तुम्ही कोकणी लोक शाफई, मी हनफी. उसनी घेतलेली वस्तू, जिला फिकहमध्ये 'आरिया' म्हणतात, तिच्याबद्दल आपल्यात मतभेद आहे. हनफी मतात ती वस्तू घेणाऱ्याच्या हातात अमानत असते, त्याने हयगय किंवा जादती केली तरच भरपाई. शाफई मतात परवानगी असलेल्या वापराने जी झीज होते तिची भरपाई नाही, पण इतर नुकसान झाले तर घेणाऱ्यावर जबाबदारी येते, हयगय नसली तरी. आता तुम्हीच सांगा, दोन वर्षे तेल न बदलणे ही वापराची झीज की हयगय?" मी काहीच बोललो नाही. ते हसून म्हणाले, "मग मतभेद संपला. दोन्ही इमाम तुमच्याकडूनच पैसे घेतील."

मग त्यांनी सफवान बिन उमय्या यांचा प्रसंग सांगितला. हिजरी ८ मध्ये हुनैनच्या लढाईआधी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्याकडून चिलखते उसनी घेतली. सफवान तेव्हा मुसलमान झालेले नव्हते. हे जबरदस्तीने घेता का, असे त्यांनी विचारले, तेव्हा ही परतीची हमी असलेली उसनवारी आहे, असे उत्तर मिळाले. नंतर काही चिलखते हरवली तर प्रेषितांनी स्वतःहून भरपाई देऊ केली. सफवान यांनी ती घेतली नाही, कारण तोपर्यंत त्यांचे मन बदलले होते. विजय मिळवलेला माणूस हरलेल्याच्या चिलखतांचा हिशोब देतो, आणि मी सख्ख्या भावापासून एका टर्बोचा हिशोब लपवायला निघालो होतो.

त्याच रात्री फोन केला. सगळे सांगितले. तेल, घाई, वास, बेगमने दोनदा सांगितलेले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अम्मी गाडीत होत्या ना? घाबरल्या का?" टर्बोचा विषय त्याने नंतर काढला. बिल निम्मे-निम्मे करू म्हणाला. मी नको म्हणालो, आणि का नको तेही सांगितले. दोन हप्त्यांत गॅरेजचे पैसे फेडले. त्याने एकच मागितले, "भाई, एक वही ठेव. दर महिन्याला तिचा फोटो पाठव."

दुरुस्ती करताना

नवा टर्बो बसवणे ही निम्मीच दुरुस्ती आहे. जुना का गेला हे शोधले नाही तर नवाही त्याच वाटेने जातो. उस्तादांनी तेलाची बारीक नळी बदलली, खाली तेल परत नेणारी नळी साफ केली, चेंबर उतरवून तेलाची जाळी धुतली, ब्रीदर पाहिला, हवेच्या नळ्यांत आणि इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढले. मग नव्या टर्बोत आधी हाताने तेल सोडले आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर बराच वेळ रेस न देता गाडी संथ चालू ठेवली. तुमचा मेकॅनिक यातले काही टाळत असेल तर नम्रपणे विचारा. घाई करून स्वस्तात बसवलेला डुप्लिकेट माल किती टिकेल याची खात्री कोणी देत नाही. पावती आणि जुना भाग दोन्ही मागून घ्या.

आता आमचे कसे चालते

कप्प्यात दोनशे पानी वही आहे. तारीख, किलोमीटर, तेल, फिल्टर, हवा. माझी मुलगी आठवीत आहे, दर रविवारी डिपस्टिक तीच पाहते आणि वहीत सही करते. शाळेला मी आता बहुतेक दिवस मिनीडोअरने जातो. पाऊस नसला तर मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसतो. एकट्या माणसाला शाळेत नेण्यासाठी दीड टनाची गाडी रोज काढणे हाही एक इस्राफच होता, हे टर्बो गेल्यावर कळले. पिकअप आठवड्यातून एक-दोनदा निघते, पण नीट निघते. माणगावचा बाजार, अम्मींना पेणला बहिणीकडे नेणे, मदरशाचे धान्य आणणे अशी दोन-तीन कामे एकत्र करून सलग प्रवास. तेलही तापते आणि डिझेलही उगाच जात नाही. शेजारी कधी कधी मुलांना मागे हौद्यात बसवून नेण्याचा आग्रह करतात. तेवढे मी ऐकत नाही, तो माल नेण्यासाठी आहे.

आपल्या घराघरांत अशा अमानती आहेत. भावाची गाडी, चुलत्याचे बंद घर, मामाची नारळाची वाडी. मालक दूर असतो, त्याला तेलाचा वास येत नाही. आपल्याला येतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एकाने विचारले तेव्हा प्रेषितांनी आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले, ही गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. माझ्या बाबतीत ते बांधणे म्हणजे वर्षातून एकदा तेल बदलणे आणि उतरण्याआधी एक मिनिट बसून राहणे, एवढेच होते.

भाऊ रमजानमध्ये सुट्टीवर येणार आहे, इन्शाअल्लाह. गाडी त्याच्या हातात देताना सोबत वहीही देईन. तुमच्या दारात कोणाची गाडी उभी असेल तर हा अंक बाजूला ठेवल्यावर एकदा तिचे पुस्तक काढून पाहा, तेल शेवटचे कधी बदलले ते. आणि घरातले कोणी वासाबद्दल काही सांगत असेल तर माझ्यासारखे करू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. खुदा हाफिज.